निरंक अहवालाचे मोल

रोगसर्वेक्षणाची व्यवस्था उभारणे आणि टिकवणे : एक अभ्यास

बाह्यरुग्ण विभागातील उपस्थिती, शस्त्रक्रियांची संख्या, सवलतीत उपचार घेतलेले रुग्ण आणि शेवटी ताळेबंद, हे सारे आपण प्रतिवर्षी या अहवालात वाचता. रुग्णालयाच्या चार भिंतींच्या आत काय घडले, ते या आकड्यांवरून समजते. याखेरीज आणखी एक अहवाल दर सोमवारी आमच्या नोंदणी विभागातून बाहेर जातो. त्यापासून न्यासाला एका रुपयाचेही उत्पन्न नाही, त्याचा उल्लेख ताळेबंदात येत नाही, आणि एखाद्या सोमवारी तो गेला नाही तर त्या दिवशी कुणाचेही काही अडत नाही. गेल्या आठवड्यात हिवताप, डेंग्यू, लेप्टोस्पायरोसिस, कावीळ, विषमज्वर, अतिसार यांचे किती रुग्ण आमच्याकडे आले, एवढेच त्यात लिहिलेले असते. ज्या रोगाचा एकही रुग्ण आला नाही, त्याच्यापुढे शासकीय प्रथेप्रमाणे ‘निरंक’ असा शब्द लिहितात. प्रस्तुत लेख या एका शब्दासंबंधी आहे.

मी वाणिज्य शाखेचा पदवीधर आहे. वैद्यकशास्त्रावर बोलण्याचा मला अधिकार नाही. परंतु हिशेबाच्या वहीतील कोरी जागा आणि शून्य यांतील भेद मला पहिल्या नोकरीतच शिकवला गेला. शून्य म्हणजे कुणीतरी मोजले आणि काही आढळले नाही. कोरी जागा म्हणजे कुणी मोजले की नाही, हेच ठाऊक नाही. रोगसर्वेक्षणाचे सारे शास्त्र या भेदावर उभे आहे, असे मी वाचनाने आणि एका चुकीने शिकलो.

सर्वेक्षण म्हणजे एकदाच केलेली पाहणी नव्हे. रोगांची माहिती नियमितपणे गोळा करणे, ती एकत्र मांडणे, तिचा अर्थ लावणे आणि ज्याने कृती करायची त्याच्यापर्यंत ती वेळेत पोहोचवणे, ही अखंड चालणारी साखळी होय. एका रुग्णालयाला साथ सहसा दिसत नाही, तिचा एक तुकडा दिसतो. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. साचलेल्या पाण्यातून चालत घरी गेलेल्यांपैकी काहींना पुढील आठवड्यांत लेप्टोस्पायरोसिसचा ताप आला. या रोगाची लक्षणे सामान्यतः संसर्गानंतर एक ते दोन आठवड्यांनी दिसतात. एखाद्या डॉक्टरकडे असे दोन रुग्ण, दुसऱ्याकडे तीन. प्रत्येकाला ते पावसाळी तापाचेच वाटावेत अशी स्थिती. ते एका कागदावर आले तरच त्यांची साथ म्हणून ओळख पटते.

आपल्या परिसराला हा धडा फार जुना आहे. १८९६ च्या सप्टेंबरमध्ये मांडवी भागात तापाने होणारे मृत्यू नेहमीपेक्षा अधिक होऊ लागले होते. २३ सप्टेंबर रोजी डॉ. अकासिओ गॅब्रिएल व्हिएगस यांनी तो ताप म्हणजे ग्रंथिक प्लेग असल्याचे निदान केले. मृत्यूंची मोजदाद तेव्हाही होत होती. तथापि ‘ताप’ या एका मोठ्या रकान्यात सारे मृत्यू सामावले जात असल्याने त्यांतील वेगळेपण सहज उठून दिसत नसे. रकाना फार रुंद असला की त्यात काहीही लपते, हे हिशेब तपासणाऱ्याला सांगावे लागत नाही. ‘किरकोळ खर्च’ या शीर्षकाखालची रक्कम वाढू लागली की आम्ही प्रथम तेच शीर्षक उघडून पाहतो.

त्यापुढे जे घडले ते अधिक बोधप्रद आहे. रुग्ण शोधून सक्तीने इस्पितळात हलवण्याचे धोरण स्वीकारण्यात आले. घरोघर झडत्या सुरू झाल्या. २९ ऑक्टोबर १८९६ रोजी सुमारे हजार गिरणी कामगारांच्या जमावाने आर्थर रोड येथील साथरोग रुग्णालयावर, म्हणजे आजच्या कस्तुरबा रुग्णालयावर, हल्ला केला. सक्तीचे नियम लगोलग काहीसे सैल करावे लागले. १८९७ च्या फेब्रुवारीत साथरोग अधिनियम आला आणि अधिकार वाढले, परंतु अधिकाराबरोबर माहिती वाढली नाही. लोक रुग्ण लपवू लागले, शहर सोडू लागले, मृत्यूचे कारण दुसरेच सांगू लागले. नोंद दिली की माणूस घरातून उचलून नेला जातो, एवढाच ज्या नोंदीचा परिणाम दिसतो, ती नोंद कोणते कुटुंब देईल? पुढे निरनिराळ्या ज्ञातींनी आणि समाजांनी स्वतःची प्लेग रुग्णालये काढली. आपल्या माणसांच्या देखरेखीखाली लोक तेथे तुलनेने निर्धास्तपणे येऊ लागले. धर्मादाय रुग्णालयांच्या इतिहासातील हे एक पान आहे, आणि आपल्यासारख्या संस्थेला ते विसरून चालणार नाही. आपल्याकडे येणारा रुग्ण खरा पत्ता आणि खरा इतिहास सांगतो, तो आपल्यावरील विश्वासामुळे सांगतो.

याच साथीत वाल्डेमार हाफकीन मुंबईत आले. प्लेगची लस त्यांनी येथे तयार केली आणि १८९७ च्या जानेवारीत ती प्रथम स्वतःला टोचून घेतली. १८९९ मध्ये त्यांची प्रयोगशाळा परळ येथील जुन्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये आली. १९२५ पासून तिला त्यांचे नाव आहे. लसीची कथा सर्वांना ठाऊक असते. त्याच हाफकीन संस्थेच्या आवारात शंभर वर्षांनंतर जे काम झाले, ते मात्र परळमध्ये राहणाऱ्यांनाही क्वचितच माहीत असते.

ते काम सांडपाणी तपासण्याचे होते. पोलिओचा विषाणू बाधित मुलाच्या शौचातून बाहेर पडतो, आणि बाधा झालेल्या बहुसंख्य मुलांना लुळेपणा येत नाही. म्हणजे एक लुळे मूल दिसते तेव्हा न दिसलेली शेकडो बाधित मुले त्यामागे असू शकतात. म्हणून २००१ पासून मुंबईत, भारतात प्रथमच, ठराविक ठिकाणांहून नियमितपणे सांडपाण्याचे नमुने घेऊन ते परळच्या एन्टेरोव्हायरस संशोधन केंद्रात तपासण्यात येऊ लागले. मुंबईच्या सांडपाण्यात पोलिओचा नैसर्गिक विषाणू शेवटचा आढळला तो नोव्हेंबर २०१० मध्ये. देशातील शेवटचा रुग्ण १३ जानेवारी २०११ रोजी पश्चिम बंगालमधील हावडा जिल्ह्यात नोंदला गेला. त्यानंतर तीन वर्षे निरंक. २७ मार्च २०१४ रोजी भारतासह आग्नेय आशिया विभाग पोलिओमुक्त असल्याचे प्रमाणित झाले.

येथे माझ्यातील हिशेबनीसाला एक प्रश्न पडला. तीन वर्षे निरंक असे कागदावर लिहिणे सोपे आहे. ते निरंक खरे कशावरून? आमच्या बालरोगतज्ज्ञांनी त्याचे उत्तर दिले, आणि ते मला इतके आवडले की गेल्या काही वर्षांत मी ते अनेक विश्वस्तांना ऐकवले आहे. पोलिओ नसतानाही काही मुलांना अन्य कारणांनी अचानक लुळेपणा येतोच. जेथे पाहणी नीट चालू आहे, तेथे पंधरा वर्षांखालील दर लाख मुलांमागे वर्षाला किमान १ असा पोलिओव्यतिरिक्तचा रुग्ण सापडलाच पाहिजे, असा दंडक आहे. अशा प्रत्येक मुलाचे शौचाचे दोन नमुने, लुळेपणा आल्यापासून चौदा दिवसांच्या आत आणि किमान चोवीस तासांच्या अंतराने घ्यायचे. एखाद्या जिल्ह्यात पोलिओही निरंक आणि असा इतर लुळेपणाही निरंक असेल, तर तेथे रोग नाही असे नव्हे. तेथे कुणी पाहत नाही, असे समजायचे. पाहणाऱ्याचे डोळे उघडे आहेत की मिटलेले, हे तपासण्याची सोय त्या व्यवस्थेतच केलेली होती. याहून उत्तम अंतर्गत लेखापरीक्षण मी पाहिलेले नाही.

हाच नियम साध्या हिवतापालाही लागू आहे. प्रयोगशाळेने ‘हिवतापाचे रुग्ण : निरंक’ असे कळवले, पण रक्ताचे किती नमुने तपासले ते लिहिले नाही, तर त्या निरंकाला अर्थ नाही. दोनशे नमुने तपासून शून्य आणि दोन नमुने तपासून शून्य ही दोन वेगळी शून्ये आहेत.

आता टिकण्याविषयी. व्यवस्था उभी राहते ती बहुधा संकटाच्या धक्क्याने किंवा बाहेरच्या निधीने. केंद्र शासनाचा एकात्मिक रोग सर्वेक्षण प्रकल्प नोव्हेंबर २००४ मध्ये जागतिक बँकेच्या साहाय्याने सुरू झाला. महाराष्ट्र पहिल्या टप्प्यातच त्यात होता. आरोग्यसेवकाने लक्षणांवरून, डॉक्टरांनी संभाव्य निदानावरून आणि प्रयोगशाळेने तपासणीवरून असे तीन वेगळे तक्ते भरायचे, ही त्याची रचना. २०१२ मध्ये ते साहाय्य संपले आणि कार्यक्रम देशाच्या स्वतःच्या खर्चावर चालू राहिला. एप्रिल २०२१ पासून देशभर ही माहिती संगणकीय मंचावर थेट भरण्याची पद्धत आली. उपकरण बदलले, तक्ता बदलला. तो भरणारा माणूस मात्र कोणत्याही नव्या पद्धतीत अनावश्यक ठरलेला नाही.

दीर्घकाळ टिकलेल्या व्यवस्थेचे उदाहरण हवे असेल तर ते आपल्या शेजारीच आहे. इंडियन कॅन्सर सोसायटीने १९६३ मध्ये डॉ. डी. जे. जस्सावाला यांच्या पुढाकाराने मुंबईत कर्करोगाची लोकसंख्याधारित नोंदवही सुरू केली. देशातील ही अशी पहिली नोंदवही. तेव्हा कर्करोगाची खबर देणे कोणत्याही डॉक्टरवर बंधनकारक नव्हते, त्यामुळे अहवाल येण्याची वाट पाहून भागणारे नव्हते. नोंदवहीचे कर्मचारीच रुग्णालयारुग्णालयांत जात, केसपेपर आणि विकृतिशास्त्राचे अहवाल वाचत, महापालिकेच्या मृत्युनोंदी पडताळत. एकाच रुग्णाची टाटा रुग्णालयात, के. ई. एम. मध्ये आणि एखाद्या खाजगी प्रयोगशाळेत झालेली नोंद ही तीन रुग्ण नव्हेत, तर एकच, हे नाव-वय-पत्ता जुळवून ठरवत. शिवाय परळला उपचारासाठी देशभरातून माणसे येतात. त्यांना मुंबईकर धरले तर मुंबईचा आकडा फुगेल. म्हणून शहरात किमान एक वर्ष वास्तव्य असलेल्यांचीच गणना करायची, असा नियम. १९८२ पासून ही नोंदवही भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या राष्ट्रीय कार्यक्रमाचा भाग झाली.

मुंबईतील स्त्रियांमध्ये गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे प्रमाण घटत गेले आणि स्तनाच्या कर्करोगाचे वाढत गेले, हे आज आपण सहजपणे बोलतो. हे वाक्य उच्चारता यावे म्हणून काही दशके कुणीतरी रोज सकाळी वह्या घेऊन इस्पितळाच्या अभिलेख कक्षात बसलेले होते. पहिल्या पाच वर्षांत हे दिसले नसते. मधली दहा वर्षे निधीअभावी रिकामी गेली असती, तरीही दिसले नसते. इमारतीचे अर्धवट राहिलेले काम पुन्हा हाती घेता येते. न घेतलेली नोंद मागाहून घेता येत नाही.

आता ती चूक. ती सर्वस्वी माझी आहे.

काही वर्षांपूर्वी आमच्या नोंदणी विभागातील ज्येष्ठ लिपिक सेवानिवृत्त झाले. त्या वर्षी खर्चात काटकसर करण्याचे ठरले होते. रुग्णसेवेशी थेट संबंध नसलेली पदे तूर्त भरू नयेत, असे टिपण मीच व्यवस्थापन समितीपुढे ठेवले आणि ते संमत झाले. साप्ताहिक अहवालाचे काम बिल विभागाकडे ‘जमेल तसे’ सोपवले. पावसाळा होता, विभागात गर्दी होती. जमेल तसे म्हणजे जमले नाही. तीन आठवड्यांनी विभाग कार्यालयातील आरोग्य खात्यातून दूरध्वनी आला. पलीकडच्या बाईंनी विचारले, “साहेब, तुमच्याकडे रुग्ण नाहीत, की लिहिणारा नाही?”

मी आंतररुग्ण नोंदवही मागवली. त्या तीन आठवड्यांत काविळीचे पाच रुग्ण आले होते. तिघे आंतररुग्ण, दोघे बाह्यरुग्ण. पाहणारे डॉक्टरही निराळे, त्यामुळे कुणाच्याही नजरेत पाच हा आकडा आला नव्हता. पत्ते वाचले. पाचही जण लालबागमधील एकाच चाळीतले, त्यांतील चार एकाच मजल्यावरचे. मी डॉक्टर नाही, परंतु ते वाचायला डॉक्टर असण्याची गरज नव्हती. त्याच दुपारी माहिती कळवली. पाण्याची तपासणी झाली, चाळीच्या आवारातील जुन्या जोडणीत गटाराजवळ गळती सापडली आणि काही दिवसांत ती बदलण्यात आली.

मला तेव्हा हायसे वाटले. ते फार टिकले नाही. आमच्या वैद्यकीय अधीक्षकांनी शांतपणे समजावून सांगितले की दूषित पाण्यातून होणारी कावीळ पाणी प्याल्यावर लगेच दिसत नाही. दोन ते सहा आठवडे जातात. जे पाच जण आले होते ते आमच्या चुकीपूर्वीच बाधित झालेले होते. आम्ही गप्प बसलो त्या आठवड्यांत ज्यांनी ते पाणी प्यायले, ते पुढच्या महिन्यात यायचे होते. ते आले. त्यांत एक सात महिन्यांची गर्भवती होती. गर्भारपणात काविळीचा एक प्रकार जिवावर बेतू शकतो, हे मला तोवर ठाऊक नव्हते. ती अठरा दिवस आमच्याकडे होती, त्यांतील सहा दिवस अतिदक्षता विभागात. ती आणि तिचे बाळ सुखरूप घरी गेले. त्या अठरा दिवसांचे बिल न्यासाने माफ केले. ते का माफ केले, हे माफीच्या टिपणात लिहिलेले नाही. म्हणून येथे लिहीत आहे.

लिपिकाचे पद मी पुढच्याच बैठकीत परत मागितले. एका विश्वस्तांनी रास्त प्रश्न विचारला : डायलिसिसच्या यंत्रासाठी देणगीदार मिळतो, खाटेसाठी मिळतो, वातानुकूलनासाठीसुद्धा मिळतो, लिपिकाच्या वेतनासाठी कोण देणगी देईल? यंत्रावर नावाची पाटी लावता येते, निरंक अहवालावर लावता येत नाही. अखेर ठेवींच्या व्याजातून ठराविक रक्कम नोंदणी विभागासाठी राखून ठेवावी आणि ती अन्य कामासाठी वळवू नये, असा ठराव झाला. ठेवीवर चालणारी गोष्ट वर्षाच्या उत्साहावर अवलंबून राहत नाही. आता हे काम दोघांना येते. एक रजेवर असला तरी सोमवार चुकत नाही. दर महिन्याला विभाग कार्यालयातून मिळालेली परिसराची एकत्रित माहिती आम्ही त्या दोघांपुढे ठेवतो. आपण भरलेला आकडा कुठे जातो हे ज्याला कधीच कळत नाही, तो कालांतराने अंदाजाने आकडे भरू लागतो. त्यात त्याचा दोष थोडाच असतो.

पाठवलेल्या नोंदींचा वेळोवेळी मेळही घालावा लागतो. करोनाच्या पहिल्या लाटेत, १६ जून २०२० रोजी, राज्याने पूर्वी मोजले न गेलेले १,३२८ मृत्यू एकूण संख्येत समाविष्ट केले. त्यांतील ८६२ मुंबईतील होते. त्या दिवशी अनेकांना धक्का बसला. मला त्यात दिलासाही दिसला. बँकेचे विवरण आणि आपली वही यांत फरक निघाला म्हणजे वही वाईट असे नव्हे. फरक काढून तो लिहिला जातो, तोवर वहीवर विश्वास ठेवता येतो. आम्ही आता दर तिमाहीला प्रयोगशाळेची वही, आंतररुग्ण नोंदवही आणि पाठवलेले साप्ताहिक अहवाल यांचा मेळ घालतो. पहिल्या तिमाहीत लेप्टोस्पायरोसिसचे दोन आणि विषमज्वराचा एक रुग्ण अहवालात सुटल्याचे आढळले. ते मागाहून कळवले.

रुग्णांच्या नातेवाइकांना एक विनंती करावयाची आहे. नोंदणीच्या खिडकीवर पत्ता विचारला जातो, तेव्हा घाईने ‘परळ’ किंवा ‘दादर’ एवढेच सांगू नये. इमारतीचे वा चाळीचे नाव, मजला, गल्ली सांगावी. गावाहून उपचारासाठी आला असाल आणि गिरगावात नातेवाइकांकडे उतरला असाल, तर दोन्ही पत्ते द्यावेत आणि मुंबईत किती दिवसांपासून आहात तेही सांगावे. बिल वसूल करण्यासाठी किंवा सवलत तपासण्यासाठी हे विचारत नाही; सवलतीचा अर्ज वेगळा असतो आणि त्याची खिडकीही वेगळी आहे. खिडकीवरील पाटी यंदा बदलून तसे त्यावर लिहिले आहे.